लावायला पन्नास, पाणी घालायला किती?

मागच्या अंकात मी ओझरतं लिहिलं होतं की पार्कात रिकामी पडलेली जागा नुसत्या हिरवळीने भरण्यापेक्षा रहिवाशांनी तिथे फळझाडं लावावीत. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळी कुंड्या, गुलाब आणि मनीप्लांट यांना सुट्टी. एकाच धाटणीचे प्रश्न एकत्र केले आहेत, लांबलचक पत्रांना कात्री लावली आहे आणि नावं गाळली आहेत.

आमच्या वस्तीतल्या उद्यानाचा मागचा कोपरा, साधारण अर्धा एकर, पडून आहे. आम्ही पन्नासेक रहिवाशांनी तिथे फळबाग करायचं ठरवलंय. उद्यान ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी तोंडी होकार दिलाय. आंबा, जांभूळ, चिकू, पेरू अशी मिळून शंभर रोपं फुकट मिळतायत. किती अंतरावर लावावीत? सुरुवात कुठून करावी?

सुरुवात त्या शंभराच्या आकड्यापासूनच करू. अर्धा एकर म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटर. आंबा, जांभूळ, चिकू ही झाडं पूर्ण वाढली की दोघांमध्ये साधारण १० मीटर अंतर लागतं, म्हणजे एका झाडाला १०० चौरस मीटर. पेरू, सीताफळ, लिंबू यांचं ५ ते ६ मीटरवर भागतं. मोठी १२ आणि लहान १५ झाडं लावलीत तर पायवाटेला आणि चार बाकांना जागा उरेल. बाकीची रोपं नम्रपणे परत करा. फुकट मिळतंय म्हणून घेतलेलं रोप सगळ्यात महाग पडतं, कारण ते दाटीत वाढतं, उजेडासाठी उंच पळतं, फळ देत नाही आणि दहा वर्षांनी ते तोडायचं कोणी यावरून वस्तीत भांडणं होतात.

आता पाण्याचा हिशोब. नव्या रोपाला पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा १५ लिटर पाणी धरा. शंभर रोपांना एका वेळी दीड हजार लिटर, म्हणजे शंभर बादल्या. नळ किती लांब आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण पत्रात ‘मागचा कोपरा’ म्हटलंय, त्यावरून मला अंदाज आला. लागवडीच्या दिवशी पन्नास माणसं येतील, फोटो निघतील, सगळ्यांचे हात मातीत असतील. तिसऱ्या उन्हाळ्यात बादली घेऊन कोण येणार आहे, त्यांची नावं आज कागदावर लिहा. खरोखर येणारी सहा माणसं निघाली तर यंदा बारा झाडं लावा. ती जगली की पुढच्या वर्षी आणखी. मी हे सगळ्यांना सांगते आणि सगळे नाराज होतात.

तोंडी होकार पुरत नाही. होकार देणारा माणूस बदलून गेला की नवा माणूस गवत कापायचं यंत्र घेऊन येतो आणि गुडघाभर रोपं त्याला गवतच वाटतात. लेखी घ्या आणि त्यात चार गोष्टी असू द्या: पाणी कुठून घ्यायचं, छाटणी कोण करणार, फळं कोणाची आणि फांदी पडून कोणाला लागलं तर जबाबदारी कोणाची. सोबत जागेचा नकाशा जोडा आणि त्यावर जमिनीखालचे पाण्याचे नळ, सांडपाण्याच्या वाहिन्या आणि वरच्या विजेच्या तारा दाखवून घ्या. तारेखाली जांभूळ लावलंत तर त्याच्या नशिबी दरवर्षी मुंडण.

खणण्याआधी जमीन तपासा. हात-दीड हात खोल खड्डा करा, पाण्याने भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच दिसलं तर तिथे निचरा नाही. अशा जागी उंचवटा करून त्यावर लावा किंवा जागा बदला. उद्यानाच्या कोपऱ्यात बांधकामाचा राडारोडा गाडलेला असणं ही नेहमीची गोष्ट आहे, पहार घालून दोन-चार ठिकाणी पाहाच.

निवड करताना एकाच हंगामात सगळं पिकेल असं करू नका. लिंबू, पेरू, आंबा, जांभूळ, सीताफळ, आवळा यांची फळं वर्षभरात वेगवेगळ्या वेळी येतात. वर्षातून चार वेळा काहीतरी मिळत असेल तर माणसं बागेकडे फिरकत राहतात आणि फिरकणाऱ्या माणसालाच सुकलेलं रोप दिसतं. कडेने करवंदाचं कुंपण करा: काटे असतात, पाणी फार मागत नाही आणि फळही देतं.

कलमाला फळ यायला किती वर्षं लागतात?

आंब्याच्या कलमाला तीन-चार, कोयीपासून वाढवलेल्या झाडाला सहा ते दहा, कधी जास्तही. पेरूच्या कलमाला दोन-तीन. पण पहिली दोन-तीन वर्षं आंब्याला आलेला मोहोर खुडून टाका. पोरवयात बाळंतपण नको.

गेल्या पावसाळ्यात आम्ही पार्कात वीस रोपं लावली. नियमाने पाणी घालतो, शेणखत घातलं, तरी निम्मी रोपं आहेत तिथेच आहेत. पानं पिवळट, नवी फूट नाही. मरतही नाहीत, वाढतही नाहीत. कुठलं औषध फवारावं?

फवारणी राहू द्या. खुरपं घ्या आणि सगळ्यात मरगळलेल्या रोपाशी मांडी घालून बसा.

खोड जमिनीत शिरतं तिथे पाहा. निरोगी झाडाचं खोड बुंध्याशी किंचित पसरतं आणि तिथूनच पहिल्या जाड मुळ्या फुटलेल्या असतात. तुमच्या रोपाचं खोड खांबासारखं सरळ मातीत गेलेलं दिसेल असा माझा अंदाज आहे. खोडालगतची माती बोटांनी, खुरप्याने हलकेच बाजूला करत जा. दोन इंच, तीन इंच, कधी पाच इंच उकरल्यावर ती पसरट जागा लागते. तोवरची मातीखालची साल ओलसर, काळपट झालेली असते आणि नखाने दाबली तर मऊ लागते. कलमाचा जोडही काही ठिकाणी मातीखाली गेलेला सापडेल. ही साल उघड्या हवेत राहण्यासाठी असते. रोज पाणी आणि वर शेणखत मिळाल्यावर ती कुजू लागते, तुम्ही जितकी माया कराल तितकी लवकर.

असं होतं कसं? खड्डा मीटरभर खोल खणतात, भुसभुशीत मातीने भरतात आणि त्याच दिवशी रोप लावतात. पहिल्या पावसात माती बसते आणि तिच्याबरोबर रोपही खाली जातं. मग आळं भरायला आलेला माणूस उरलेली माती बुंध्याशी ओढतो. खड्डा मुळांच्या हुंडीपेक्षा, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यापेक्षा, दुप्पट-तिप्पट रुंद हवा, खोली मात्र हुंडीइतकीच. बहुतेक झाडांच्या अन्न घेणाऱ्या मुळ्या वरच्या दीड-दोन फुटांत आडव्या पसरतात, पाताळात जात नाहीत. खोल खणलाच असेल तर भरून, पाणी सोडून माती बसू द्यायची आणि मगच लावायचं.

उकरताना आणखी दोन गोष्टी पाहा. एक, बुंध्याभोवती एखादी मुळी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गोल फिरलेली आहे का. रोप पिशवीत फार दिवस राहिलं की असं होतं. पुढे खोड आणि मुळी दोन्ही जाड होतात आणि झाडाला स्वतःचाच फास बसतो. मुळी पेन्सिलीपेक्षा बारीक असेल तर कात्रीने कापून टाका. दुसरी गोष्ट म्हणजे बांबूला बांधलेली सुतळी. तुमच्या वीसपैकी चार-पाच रोपांत तरी ती सालीत रुतलेली असेल. आधार वर्षभर पुरतो, बांधणं सैल आणि आठच्या आकड्यात हवं, म्हणजे खोड वाऱ्यावर थोडं हलेल. हलल्यानेच ते जाड होतं.

दोन-तीन इंच खोल गेलं असेल तर माती उताराने बाजूला करून बुंधा उघडा करा, तेवढ्यावर भागतं. त्याहून खोल असेल तर वाफसा आल्यावर, म्हणजे जमीन ओलसर पण चिखल नसलेली असताना, सगळी हुंडी धरून रोप वर उचला आणि खाली माती ठोकून पुन्हा बसवा. एका वर्षाच्या रोपाला हे सोसतं. मग पालापाचोळ्याचं तीन-चार इंचांचं आच्छादन घाला, पण खोडापासून वीतभर लांब. उद्यानात गेले की मी बुंधे उकरून पाहते. रखवालदार ओरडतात, पण आता ओळखतात.

आमच्या फळबागेत आवळ्याचं एकच झाड आहे आणि सीताफळाची तीन. दोन्हींना भरपूर फुलं येतात, फळ जवळजवळ धरत नाही. झाडं चांगली दणकट आहेत. खत कमी पडतंय का?

नाही. दणकट झाडाला आणखी खत घातलंत तर पानं वाढतील, एवढंच. दोन्हींची अडचण परागीभवनाची आहे, पण वेगवेगळ्या तऱ्हेची.

आवळ्याला स्वतःचे पराग सहसा चालत नाहीत. शेजारी दुसऱ्या जातीचं झाड हवं. एकाच जातीची दहा कलमं लावली तरी ती अखेर एकाच झाडाची वाढवलेली रूपं, त्यांचा एकमेकांना उपयोग नाही. तेव्हा वेगळ्या जातीचं एक कलम आणून लावा. सफरचंद, चेरी, बदाम यांच्या बहुतेक जातींचंही हेच आहे, म्हणून थंड प्रदेशातल्या सार्वजनिक फळबागांमध्ये ‘प्रत्येकी एक’ लावण्याची हौस महागात पडते.

सीताफळाचं फूल गमतीदार आहे. संध्याकाळी एखादं फूल हातात घ्या. जाडसर, हिरवट पाकळ्या जेमतेम किलकिल्या झालेल्या असतील तर ते त्या वेळी मादी आहे: आतला मधला उंचवटा चिकट, ओलसर चमकतो. पुढे तेच फूल पूर्ण उघडतं, पाकळ्या फाकतात, तो उंचवटा सुकतो आणि त्याच्या बुडाशी असलेले पुंकेसर पिवळट भुकटी सोडतात. आता ते नर आहे. एकाच फुलातल्या नर-मादीची वेळ जुळत नाही. हे काम एरवी अगदी बारीक भुंगेरे करतात, फुलात शिरून. तुमच्या बागेत झाडाखालचा पाला दररोज झाडून नेला जातो आणि कीटकनाशक फवारलं जातं, असं तुम्हीच पत्रात लिहिलंय. तिथे भुंगेरे राहणार कुठे?

तर दोन उपाय. पाला झाडाखाली राहू द्या आणि फवारणी थांबवा. आणि यंदापुरतं हाताने करा: पूर्ण उघडलेल्या फुलातले पराग छोट्या डबीत झटकून घ्या, चित्रकलेचा बारीक मऊ ब्रश त्यात बुडवा आणि किलकिल्या फुलाच्या पाकळ्या दोन बोटांनी जरा फाकवून आतल्या चिकट भागावर गोल फिरवा. उन्हाच्या कडाक्यात करू नका, सकाळी लवकर करा. ज्या फुलांना केलंत त्यांच्या देठाला दोरा बांधा, नाहीतर नंतर यश कोणाचं यावर वाद होतो. हे काम शाळकरी मुलं मोठ्यांपेक्षा छान करतात.

बाग लावली आम्ही, फळं नेतात भलतेच. कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्या की पहाटे कोणीतरी पिशव्या भरून नेतं. आमच्या गटात दोन तट पडलेत: एकाला कुंपण आणि कुलूप हवंय, दुसऱ्याला बाग सोडून द्यायची आहे.

दोन्ही नको. सार्वजनिक उद्यानात कुलूप लावलंत की ती पन्नास घरांची खाजगी बाग झाली आणि उरलेल्या वस्तीला तिच्याशी देणंघेणं उरलं नाही. मग तुमच्याकडे चोर नसतील, पण पाणी घालणारे नवे हातही नसतील.

हा प्रश्न जगभर लोकांना पडलेला आहे. इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन या छोट्या गावात २००८ साली काही रहिवाशांनी रस्त्याकडेला, स्टेशनवर, अगदी पोलीस ठाण्यासमोरही भाजी आणि फळं लावायला घेतली, ज्याला हवं त्याने न्यावं या बोलीवर. जर्मनीतल्या आंडरनाख शहराने २०१० पासून आपल्या सार्वजनिक बागांमध्ये फुलांऐवजी भाज्या लावल्या आणि आत येऊ नका अशी तंबी देण्याऐवजी तोडायला परवानगी दिली. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरात ‘बीकन फूड फॉरेस्ट’ ही सुमारे सात एकरांची फळराई सार्वजनिक जमिनीवर आहे, तिथेही कोणीही येऊन तोडू शकतं. जर्मनीतच काही भागांत फळझाडाला पिवळी फीत बांधतात. फीत दिसली की समजायचं, या झाडाची फळं कोणीही न विचारता घ्यावीत. फीत नसेल तर हात लावायचा नाही. कुलपापेक्षा फितीचा हा प्रकार मला शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात ‘हो’ कधी आणि ‘थांबा’ कधी, दोन्ही कळतं.

तुमच्या बागेत तेच करा. तयार झालेल्या झाडाला फीत. फाटकाशी पाटी, तिच्यावर तयार आंब्याचं आणि कच्च्या आंब्याचं शेजारी शेजारी चित्र, देठाजवळचे खांदे भरलेले आणि न भरलेले. खाली ठळक: खाण्यापुरती घ्या, पिशवी भरून नको. एकदोन झाडं कैऱ्यांसाठी उघडपणे सोडून द्या. लोकांना कैरी हवी असते ही काही गुन्हेगारी वृत्ती नव्हे. बाकीच्यांची तोडणी एक दिवस ठरवून, आधी जाहीर करून, सगळ्यांसमोर करा. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, उतरवा, बोटाच्या पेराएवढा देठ राखून, म्हणजे चीक सालीवर ओघळून डाग पडत नाहीत. जो येईल त्याला वाटा, मग तो पाणी घालायला आला असो वा नसो. यावर तुमच्यातले पाणी घालणारे चिडतील. त्यांना आधी निवडू द्या.

पहाटेच्या माणसाचं म्हणाल, तर पहाटे येतोच आहे तर त्याच्या हातात पाण्याची नळी देता येते का ते बघा. मी थट्टा करत नाही. उन्हाळ्यात पाणी द्यायची ती उत्तम वेळ आहे आणि इतक्या लवकर उठणारं तुमच्या गटात कोणी दिसत नाही.

मी बारा वर्षांची आहे. पार्कातल्या पेरूला पेरू लागलेत. आई म्हणते रस्त्याचा धूर बसलेला असतो, खाऊ नको. धुऊन खाल्ला तर चालेल का?

आईचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. धूर आणि धूळ फळाच्या सालीवर बसते, म्हणून वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवायचं, नुसतं फ्रॉकला पुसायचं नाही. आता उरलेलं अर्धं. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं घालत असत, ते धुरातून पडून रस्त्याकडेच्या मातीत अजून टिकून आहे. पण झाड मातीतलं शिसं फळापर्यंत फारसं पोचू देत नाही. पालेभाज्या आणि कंदमुळांची काळजी जास्त करावी लागते, कारण त्यांना माती चिकटलेली असते. म्हणून झाडाला हात लावल्यावर फळाइतकेच तुझे हातही धू.

तीन गोष्टी मात्र पाळ. माळीकाकांना विचार की झाडावर औषध कधी फवारलं होतं. पक्ष्याने किंवा वटवाघळाने चोच-दात लावलेलं फळ, कितीही गोड दिसलं तरी, खायचं नाही. आणि ज्या झाडाचं नाव तुला किंवा घरच्या मोठ्यांना माहीत नाही, त्याचं काहीच खायचं नाही. पेरूवर चढायला हरकत नाही, फांदी लवचिक असते. जांभळावर चढू नकोस, त्याची फांदी जाड दिसते आणि कडकन मोडते.

आमच्यात वाद आहे. काहींना दाट ‘मियावाकी’ जंगल हवंय, काहींना फळबाग. जागा एकच. तुमचं मत?

दोन्हींची कामं वेगळी आहेत. अकिरा मियावाकी हे जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ. ओसाड, उद्ध्वस्त जमिनीवर तिथल्याच मूळच्या झाडांचं जंगल लवकर उभं करण्याची पद्धत त्यांनी १९७० च्या दशकापासून रुळवली. तीत एका चौरस मीटरमध्ये साधारण तीन-चार रोपं लावतात, रोपं उजेडासाठी चढाओढीने उंच जातात आणि दोन-तीन वर्षांनी माणसाने हात काढून घ्यायचा असतो. फळझाडाला याच्या नेमकं उलट लागतं: मोकळी हवा, चारही बाजूंनी ऊन, हात पोचेल इतकी उंची आणि जन्मभर छाटणी. मियावाकीच्या दाटीत आंब्याचं कलम घुसवून ‘दोन्ही झालं’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते. जागा रस्त्याला लागून, गोंगाटाची आणि माणसं कमी असतील तर जंगल. जागा घरांच्या मधोमध आणि मुलं, म्हातारी माणसं रोज येणारी असतील तर फळबाग. भांडण मिटवायला जागेचे दोन तुकडे करू नका. लहान तुकड्यात जंगलाची सावली बागेवर पडेल आणि हरणारी बाजू बाग असेल.

आमच्या उद्यानात दरवर्षी फळझाडांच्या खालच्या फांद्या खोडाला अगदी घासून कापतात आणि जखमेवर काळा रंग लावतात. बरोबर आहे का?

दोन्ही चूक. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. अमेरिकेचे वृक्षरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवून दिलं की झाड जखम भरून काढत नाही, ती आतून भिंती घालून कोंडून टाकतं, आणि ती कोंडण्याची व्यवस्था त्या कड्यात असते. कडं राखून, त्याच्या बाहेर कापा. खुंटीही लांब ठेवू नका. रंगाने कूज थांबत नाही, उलट ओल आत अडकते. आणि खालच्या फांद्या का कापतात? माणसांना खालून जाता यावं म्हणून. मग वाट वळवा. फळबागेत खालची फांदी हीच लहान मुलाच्या हाताला येणारी.

मी ७८ वर्षांचा आहे. सर्वांना झाडं आवडतात, मलाही. पण माझ्या खिडकीसमोर उद्यानात फळबाग होतेय. सडकी फळं, माश्या, रात्री वटवाघळं, सकाळी घसरडी वाट. विरोध केला तर मला निसर्गद्वेष्टा म्हणतात.

आजोबा, तुम्हाला तसं म्हणणाऱ्यांनी तुमचं पत्र भिंतीला लावावं, कारण बाग आखणाऱ्यांनी जे विचारायला हवं होतं ते सगळं त्यात आहे.

पडलेलं फळ ही फळबागेची खरी अडचण आहे आणि लावणारे तिचा विचार करत नाहीत. फळमाशी पिकायला आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या आत गर खातात, फळ गळतं, अळी जमिनीत शिरून कोष करते आणि नवी माशी बाहेर येते. पडलेली फळं तशीच राहिली तर दर फेरीला माश्या वाढत जातात. उपाय एकच: हंगामात रोज, निदान एक दिवसाआड, खालची फळं वेचायची. वेचलेली खतखड्ड्यात नुसती टाकायची नाहीत. दोन फूट खोल पुरायची किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून काही दिवस उन्हात ठेवायची. झाडांवर मिथाइल युजेनॉलचे, म्हणजे नर माश्यांना वासाने भुलवणाऱ्या रसायनाचे, सापळे टांगले तर त्या अडकतात. पण वेचणी नसेल तर नुसत्या सापळ्यांनी भागत नाही.

जांभूळ वाटेवर आणि खिडकीसमोर नको, हे तुम्ही ठामपणे मागा. जांभळाचा डाग आणि घसरण दोन्ही वाईट. तुमच्या बाजूला लिंबू, सीताफळ अशी बुटकी, कमी सांडणारी झाडं घ्यायला सांगा आणि मोठी झाडं पलीकडच्या टोकाला. वटवाघळांबाबत मात्र मी तुमच्या बाजूने नाही. पिकलं फळ आहे तिथे ती रात्री येणारच, आणि बिया लांबवर नेऊन टाकण्याचं त्यांचं काम दुसरं कोणी इतक्या इमानाने करत नाही. फळ वेळेवर उतरवलं तर त्यांची गर्दी कमी होते. बैठकीला जा. विरोध म्हणून जाऊ नका, रोजची वेचणी कोण करणार याची यादी मागायला जा. यादी नसेल तर तुमचा विरोध अगदी रास्त आहे आणि माझं नाव सांगा.

बागेतलं एकेक झाड एकेका कुटुंबाने आपल्या माणसाच्या स्मरणार्थ लावावं आणि त्यावर नावाची पाटी असावी, अशी कल्पना पुढे आलीय. निधीही जमेल. करावं का?

पैसे जमतील, ते खरं. पण झाडं मरतात. नव्या लागवडीत काही रोपं हमखास जातात, कितीही जपलं तरी. आईच्या नावाचं झाड सुकलं हे मुलीला कोण सांगणार? मी असे फोन ऐकले आहेत, ते सुकलेल्या आंब्याबद्दल नसतात.

पाट्या बाकांवर लावा, किंवा फाटकाशी एकच मोठा फलक करून त्यावर सगळी नावं एकत्र घ्या. झाडापाशी फक्त त्याची जात, लागवडीचं वर्ष आणि कलम असेल तर कशाचं, एवढं हवं. तेही जमिनीत रोवलेल्या खुंटीवर लिहा. खोडात खिळा नको आणि तार तर मुळीच नको.